नकाशाला वेळ कळत नाही

माझ्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात प्लास्टिकची एक पिशवी आहे आणि तिच्यात 112 अर्जांच्या पोच आहेत. पोच म्हणजे अर्जाची आपल्याकडे राहणारी प्रत. तिच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का, आवक क्रमांक आणि हाताने घातलेली तारीख असते. काही शिक्के आता इतके पुसट झाले आहेत की उजेडाकडे धरल्याशिवाय तारीख लागत नाही. अक्षर बहुतेक ठिकाणी माझे आहे, पण प्रत्येक अर्जाखालची सही किंवा अंगठा गोवंडीतल्या एका वस्तीत राहणाऱ्या माणसाचा आहे. मुंबईच्या विकास आराखड्यावर त्या वस्तीने दिलेल्या या हरकती आणि सूचना आहेत, आणि या कामाने मला माझ्याच शहराबद्दल जे शिकवले ते नीट लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

मी चेंबूरला राहते. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. 2015 च्या मार्चमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेत होती. म्हणाली, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे आणि सरकारी मराठी तुम्हाला कळतं. आम्हाला दोन महिने द्याल?" दोन महिनेच का, ते मला नंतर समजले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्या कायद्यानुसार शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती आणि सूचना देण्यासाठी ठरावीक मुदत मिळते, आणि बृहन्मुंबईसाठी ती साठ दिवसांची होती. पुढच्या वीस वर्षांत कुठली जमीन रस्त्याला, कुठली बागेला, कुठली दवाखान्याला, कुठली बाजाराला, हे ठरवणारा हा दस्तऐवज. मुंबईचा पहिला आराखडा 1960 च्या दशकातला, दुसरा 1981 ते 2001 या काळासाठीचा आणि तोही पुरता मंजूर होईतो 1990 चे दशक उजाडलेले. 2014 ते 2034 या वीस वर्षांसाठीचा तिसऱ्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये लोकांपुढे आला. वीस वर्षांचे भवितव्य आणि साठ दिवसांची मुदत! त्यात अहवाल इंग्रजीत, आणि ज्यांना तो समजून घ्यायचा होता त्या बायका मराठवाडी मराठी, दखनी आणि उत्तरेकडची हिंदी बोलणाऱ्या.

पहिल्या दिवशी आम्ही वस्तीतल्या एका बालवाडीत नकाशा पसरला. खोली दहा बाय बाराची. चटया गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या, नकाशाच्या चार कोपऱ्यांवर मुलांचे स्टीलचे डबे ठेवले आणि सगळ्या जणी भोवती उकिडव्या बसल्या. नकाशा कधीच न वाचलेल्या माणसाला तो कसा लागतो, हे मी त्या दिवशी पाहिले. उत्तर दिशा, प्रमाण, रंगसूची या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींकडे कोणीही पाहिले नाही. एकीने आधी देवनारचे डम्पिंग ग्राउंड शोधले. ते 1927 पासूनचे, इतके मोठे की चुकणे शक्यच नाही. दुसरीने हार्बर लोकलचे रूळ शोधले. मग दोघींची बोटे दोन बाजूंनी एकमेकींकडे सरकत आली आणि जिथे ती भेटली तिथे एकच रंग होता, सलग. त्यात गल्ली नव्हती, नळ नव्हता, संडास नव्हता, आम्ही बसलो होतो ती बालवाडी नव्हती. त्या बायकांतली एक, शकुंतला म्हणू या तिला, हे तिचे खरे नाव नव्हे. बाजूला खाडीकाठची तिवरे वेगळ्या रंगाने दाखवलेली होती, त्यांच्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "बाई, झाडं दिसली बघा. आम्हीच नाही."

त्या वाक्यात तक्रार नव्हती, नुसते आश्चर्य होते, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले. असे का होते, याचे कारण कोणा एका माणसाच्या दुष्टाव्यात शोधून सापडत नाही. झोपडपट्टी म्हणून दाखवलेल्या जमिनीचे पुढे पुनर्वसन होणार असे नियोजनाच्या भाषेत गृहीत धरले जाते, आणि पुनर्वसनाचे प्राधिकरण वेगळे, नियमावली वेगळी. मग आज तिथे काय आहे, किती मुले आहेत, किती म्हाताऱ्या एकट्या राहतात, याची नोंद करण्याची गरज आराखड्याला वाटत नाही. ती जागा उद्याची म्हणून आजच्या हिशेबातून सुटते. आणि हा 'उद्या' चाळीस-चाळीस वर्षे येत नाही. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. मानखुर्द, गोवंडी, देवनार हा भाग येतो त्या एम-पूर्व विभागाचा मानवी विकास निर्देशांक 2009 च्या मुंबई मानवी विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत तळाला होता. जिथे गरज सर्वांत मोठी, तिथेच कागद कोरा.

मग आम्ही अर्ज लिहायला बसलो, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. पहिली अडचण शब्दाची. 'हरकत' हा शब्द वस्तीला ठाऊक होता तो 'काही हरकत नाही' एवढाच. एक आजी म्हणाल्या, "आमची कुणाला हरकत नाही बाई. आम्हाला दवाखाना पाहिजे, त्यात हरकत कसली?" त्यांना समजावताना माझ्या लक्षात आले की कायद्याने नागरिकाला आराखड्याशी बोलण्यासाठी जे दार ठेवले आहे ते मुळात ज्याची जमीन जाणार आहे अशा माणसासाठी घडवलेले आहे. जमीनमालक हरकत घेतो. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याने त्या दारातून आत यायचे तर आधी मालकाची भाषा शिकावी लागते.

दुसरी अडचण मोठी होती. अर्जात लिहायचे असते ते असे: नकाशाचा अमुक शीट क्रमांक, अमुक जागा, सध्याचा वापर अमुक, प्रस्तावित आरक्षण अमुक असावे. आरक्षण म्हणजे ती जागा कशासाठी राखून ठेवायची ते. म्हणजे नकाशाला कळते ती जागा. आणि बायका जे सांगत होत्या ती सगळी वेळ होती. "पाणी पहाटे चारला येतं, पाऊण तास." "संडासाला सकाळी सहा ते आठ रांग असते, त्यात मुलींची शाळा चुकते." "रात्री दहानंतर संडासातला दिवा बंद करतात, मग आम्ही जेवणच कमी करतो." "अंगणवाडी दुपारपर्यंत, आणि मी धुणंभांडी करून येते चारला. मधले तास पोरगी शेजारी." "दवाखाना आहे हो, पण तो सकाळचा. आमचा माणूस नाक्यावर उभा राहिला नाही तर त्या दिवसाचं काम गेलं, मग ताप घेऊन तो सकाळी कसा जाणार?"

मी लिहीत गेले: 'सदर ठिकाणी सार्वजनिक शौचालयासाठी आरक्षण प्रस्तावित करण्यात यावे.' 'सदर भूखंड बालसंगोपन केंद्रासाठी आरक्षित करावा.' वाक्ये शुद्ध होती, टिकणारी होती, पण लिहून झाल्यावर मी ती मोठ्याने वाचून दाखवत असे आणि प्रत्येक वेळी समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर एक क्षण असा येई की हे आपणच बोललो का, याचा ती शोध घेते आहे. सकाळी सहा ते आठची रांग माझ्या वाक्यात कुठेच नव्हती. दहा-पंधरा अर्ज असे गेल्यावर मी पद्धत बदलली. वर कायद्याला लागते ते वाक्य, आणि खाली 'कारण' म्हणून तिचेच शब्द, जसेच्या तसे. अर्ज लांबला, तरी चालेल. हे मी पहिल्या दिवसापासून करायला हवे होते, ही खंत माझ्या मनात आजही आहे, कारण त्या पहिल्या अर्जांवरच्या पोच आज वाचल्या तर त्यांच्यात माणूस सापडत नाही.

एक अर्ज मात्र मी लिहिला असे म्हणताच येणार नाही. वस्तीत शिवणकाम करणारा एक तरुण होता. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे दोन्ही पाय अधू, चाकांच्या पाटावरून सरकत हिंडायचा. वस्तीतले शौचालय उंच जोत्यावर होते, कारण सेप्टिक टँक त्याच्या खालीच बांधलेला असतो. खाडीकाठच्या भरावावर, जिथे मलवाहिनी पोहोचलेलीच नाही, तिथे अशी बांधणी सर्रास दिसते. पाच पायऱ्या चढल्याशिवाय आत जाता येत नाही. मी सहजपणे लिहिले, 'अपंग व्यक्तींसाठी उतरण बांधण्यात यावी.' तो म्हणाला, "बाई, थांबा." त्याने गळ्यातली शिवणाची टेप काढली, पायऱ्यांपर्यंत सरकत गेला, एकेक पायरी मोजली. प्रत्येकी सात इंच. पाच पायऱ्यांची उंची 35 इंच. आमच्या बरोबरच्या वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याने सांगितले की चाकाच्या खुर्चीसाठीच्या उतरणीचे प्रमाण एकास बारा असते; म्हणजे एका इंच उंचीला बारा इंच लांबी. 35 इंचांना 35 फूट. तरुणाने मग गल्ली मोजली. साडेतीन फूट रुंद, आणि 35 फूट सरळ तर ती कुठेच नव्हती. टेप गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "रॅम्प लिहू नका. मंजूर होईल आणि कधीच होणार नाही. खालच्या अंगाला, जमिनीच्या पातळीवर, एकच सीट द्या, दार बाहेर उघडणारं. टँक मागे न्या." मी तसेच लिहिले. गेल्या काही वर्षांत मी सर्वसमावेशक शहर या विषयावर पुष्कळ भाषणे ऐकली आहेत, पण त्या दहा मिनिटांत त्याने जे सांगितले ते अजून कोणी सांगितलेले नाही. ज्याला रोज त्या पायऱ्यांपाशी थांबावे लागते, त्याला उत्तरही बहुधा माहीत असते. त्याला विचारायला कोणी येत नाही, एवढेच.

एप्रिल 2015 मध्ये तो मसुदा रद्द झाला. शहरभरातून टीकेचा पाऊस पडला होता, चुका ढिगाने निघाल्या होत्या, आणि मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. वर्तमानपत्रांनी याला नागरिकांचा विजय म्हटले, आणि एका परीने तो होताच. पण वस्तीत ही बातमी सांगायला मी गेले तेव्हा शकुंतलाने विचारले, "म्हणजे आमचे अर्ज?" नवा मसुदा, तेव्हा नवे अर्ज. मे 2016 मध्ये सुधारित मसुदा आला आणि आम्ही पुन्हा बसलो. पहिल्या खेपेला 64 अर्ज झाले होते, दुसऱ्या खेपेला 48. कमी झालेले सोळा अर्ज म्हणजे सोळा माणसांचा संपलेला धीर, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. एक अर्ज देण्यासाठी एक दिवसाची मजुरी जाते. कर भरणाऱ्या, नोकरीतून रजा मिळणाऱ्या माणसाला 'लोकसहभाग' या शब्दाची किंमत कळत नाही, कारण ती त्याच्या खिशातून जात नाही.

हरकतींवर सुनावणी घेते ती नियोजन समिती. तिच्यात महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले चार तज्ज्ञ असतात. सुनावणीच्या दिवशी सात जणी आल्या होत्या, ठेवणीतल्या साड्या नेसून, आणि आमच्या वाट्याला काही मिनिटे आली. शकुंतलाला बोलायचे होते. घरी तिने पाठ केले होते, पण आत गेल्यावर पाठ केलेले सगळे विसरली आणि म्हणाली, "साहेब, आमच्याकडे या एकदा, सकाळी सहाला." समितीतल्या एका गृहस्थांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि काहीतरी टिपून घेतले. काय टिपले ते मला ठाऊक नाही. पण तिने शीट क्रमांक न सांगता वेळ सांगितली, आणि ती वेळ त्या खोलीत उच्चारली गेली, याचे समाधान मला आजवर पुरले आहे.

2018 च्या मे महिन्यात शासनाने आराखडा मंजूर केला आणि त्याचा बहुतांश भाग 1 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. आमच्या 112 अर्जांपैकी नेमक्या कशाचा परिणाम झाला, असा हिशेब मांडता येत नाही आणि मांडूही नये, कारण शहरभरातल्या कितीतरी गटांनी, संघटनांनी, महिला कार्यकर्त्यांनी अनेक वर्षे हा रेटा लावला होता. पण आरक्षणांच्या यादीत बेघरांसाठी निवारा, नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी घरे, आधार केंद्र (आधार कार्डाचे नव्हे) असे प्रकार आले. जुन्या आराखड्यांत उद्यान, शाळा, बाजार, दफनभूमी यांना शब्द होते. फुटपाथवर झोपणाऱ्याला शब्द नव्हता. आता तो आहे, आणि याला मी लहान गोष्ट मानत नाही. नाव असल्याशिवाय मागताही येत नाही.

आराखड्याबाहेरही त्या वर्षांत वाटा निघत होत्या. 2011 पासून मुंबईत अनेक संस्थांनी मिळून 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली होती की कोणीतरी ती मोठ्याने म्हणेपर्यंत तिच्यातला अन्याय दिसत नव्हता. पाण्याची गोष्टही तशीच. 1 जानेवारी 2000 नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचे नाही, असा जो दंडक होता त्याला पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की घर बेकायदा आहे म्हणून माणसाचे पाणी तोडता येत नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच निकालात, अधिकृत घरांच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, असेही म्हटले आहे. 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर व्हायला त्यानंतर 2022 चा मे उजाडला. निकाल ते नळ हे अंतर साडेसात वर्षांचे, आणि तेही धोरणाच्या कागदापर्यंतचे.

सेवांच्या बाबतीत हे अंतरच खरे काम आहे, असे माझे मत झाले आहे. आरक्षण पडले की आपण हुश्श करतो, पण आरक्षण म्हणजे फक्त जमिनीवर लिहिलेले नाव. खासगी जमिनीवरचे आरक्षण दहा वर्षांत संपादनाच्या वाटेला लागले नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम 127 नुसार मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर 24 महिन्यांत हालचाल झाली नाही तर ते आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. व्यपगत हा शब्द मला फार क्रूर वाटतो. कोणी हिसकावून नेले असे त्यात काही नसते. बघता बघता, कोणी न विचारल्यामुळे, ती जागा नकाशातून निघून जाते. 1 सप्टेंबर 2018 ला लागू झालेल्या आराखड्याची दहा वर्षे 2028 च्या ऑगस्टअखेर पूर्ण होतात. मधल्या काळात महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नंतरची कितीतरी वर्षे नगरसेवकांवाचून, प्रशासकाच्या हाती कारभार चालला. ज्याच्या दारात जाऊन 'आमच्या आरक्षणाचं काय झालं' असे विचारायचे, ते दारच इतका काळ बंद होते.

एखादी सेवा सर्वांसाठी आहे की नाही, हे तपासायला मला आता एकच कसोटी पुरते: ती किती वाजता आहे. दिवसभर उघडा असलेला आणि संध्याकाळी सहाला बंद होणारा दवाखाना रोजंदारीवरच्या माणसासाठी बांधलेलाच नाही. अंधारात बंद होणारे शौचालय स्त्रियांसाठी बांधलेले नाही. वॉर्डातल्या प्रत्येक सेवेची वेळ तिथल्या माणसांना विचारून ठरावी आणि ती आराखड्याच्या अहवालात आरक्षणाइतक्याच ठळकपणे लिहिली जावी, एवढी एक गोष्ट मला पुढच्या आराखड्यात पाहायची आहे. यासाठी जमीन लागत नाही, टीडीआर, म्हणजे जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क, लागत नाही. विचारणारा माणूस लागतो.

शकुंतलाची मुलगी, जिची शाळा त्या सकाळच्या रांगेत चुकायची, ती आता महाविद्यालयात आहे. गेल्या महिन्यात ती घरी आली होती, मोबाइलवर मंजूर आराखड्याचे शीट घेऊन. आम्ही दोघी रिक्षाने गेलो आणि नकाशात आरक्षण दाखवलेला एक भूखंड शोधून काढला. पत्र्याचे कुंपण होते, आत भंगाराच्या गोण्या रचलेल्या आणि दोन टेम्पो उभे. रखवालदाराने काय पाहिजे विचारले. "जागा बघायची आहे, दादा," ती म्हणाली, आणि कुंपणाच्या कडेकडेने पावले मोजत गेली. घरी परतल्यावर तिने एका दोनशे पानी वहीत रकाने आखले. पहिल्यात शीट आणि भूखंड, दुसऱ्यात आरक्षण, तिसऱ्यात आज तिथे काय आहे, चौथ्यात 31 ऑगस्ट 2028 ही तारीख. मग पट्टी पुन्हा ठेवून तिने पाचवा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर 'वेळ' असे लिहिले. मी तिला हे सांगितलेले नव्हते. त्या रकान्यात काय भरायचे ते विचारायला आम्ही येत्या रविवारी वस्तीत जाणार आहोत, पाणी येते तेव्हा, पहाटे चारला.